आमच्या शेडमधलं लाल भंगार

६ एप्रिल २००३, रविवार

शेडमध्ये उंदीर शिरलाय म्हणून झाडू घेऊन गेले आणि ट्रॅक्टर सापडला!

खराखुरा. म्हणजे शेतातला नव्हे — बागेतला, गवत कापायचा, साधारण रेडकाएवढा. ताडपत्रीखाली, मोडक्या खुर्च्यांच्या मागे. एके काळी लाल असणार. आता लालपेक्षा गंजच जास्त. चारही टायर बसलेले. सीटच्या फोममध्ये उंदरांचं भरलं गोकुळ. बॉनेट उघडलं तर आत एका सिलिंडरचं ओतीव लोखंडाचं इंजिन. इतकं साधं, इतकं देखणं, की मी झाडू टाकला आणि तिथेच बसले.

संग्राम स्वयंपाकघराच्या दारातून ओरडला, "सुनू, उंदीर मिळाला का?"

"ट्रॅक्टर मिळाला!"

"मारलास का?"

लॅपटॉप मांडीवर असला की नवरा असाच ऐकतो.

घरमालकाला फोन केला. ट्रॅक्टर त्याच्या वडिलांचा, सदुसष्ट सालचा. ते गेल्यापासून कोणी हात लावलेला नाही. म्हटलं, मी दुरुस्त करू का? म्हणाला, "दुरुस्त कर, विक, पुरून टाक — फक्त मला परत देऊ नकोस."

७ एप्रिल

संग्राम आठच्या ट्रेनने शिकागोला गेला. घर गप्प. रोजचंच.

नेपरव्हिलला येऊन दोन वर्षं झाली. माझ्या व्हिसाचं नाव एच-फोर. म्हणजे नवऱ्याच्या पासपोर्टला स्टेपल केलेली बायको. राहायचं, खायचं, फिरायचं. काम करायचं नाही, पगार घ्यायचा नाही. पुण्यात चार वर्षं गिअरबॉक्स असेंब्लीवर होते. हाताखाली माणसं होती. मी ओरडले की शॉप फ्लोअर थरथरतो असा माझा समज होता. इथे माझ्या हाताखाली एक डिशवॉशर आहे. तोही ऐकत नाही.

महाराष्ट्र मंडळातली हिमानी — तीही एच-फोर, एमबीए — सध्या कागदी फुलं करते. मला म्हणाली, "तूही काहीतरी छंद लावून घे ना यार."

घेतला बाई. आज इंजिन फिरवून बघितलं. जाम. पिस्टन आत गंजून बसलाय. प्लग काढून भोकातून रॉकेल आणि पातळ तेल ओतलं. आता वाट बघायची.

९ एप्रिल

जाम.

१० एप्रिल

अजून जाम. शिव्या दिल्या. मराठीत दिल्या, म्हणून कदाचित कळल्या नसतील.

१३ एप्रिल, रविवार

आज एक म्हातारा आपणहून शेडमध्ये आला. दोन घरं सोडून राहतो. नॉर्बर्ट. उंच, वाकलेला, टोपीवर तेलाचे डाग. याच्या गॅरेजमध्ये असले जुने ट्रॅक्टर पाच आहेत आणि याची गाडी बाहेर बर्फात असते. बायको आयर्मा याच कारणावरून त्याच्याशी भांडते — पूर्ण गल्लीला ऐकू जातं.

माझं नाव त्याला झेपलं नाही. "सू... सूने... कॅन आय कॉल यू सनी?" म्हटलं, म्हण.

मग त्याने विचारलं, "तुझा नवरा कुठाय?"

"झोपलाय."

"मग हे कोण दुरुस्त करतंय?"

मी तेलाने काळे झालेले दोन्ही हात वर केले. त्याने वाकून प्लगच्या भोकात बघितलं. मग म्हणाला, प्लगच्या भोकातून ओतलंस ते बरं केलंस, पण हातोडी मारू नकोस. मी म्हटलं, मी मारणार नव्हते. (मारणार होते.)

२० एप्रिल

सुटला!!

फ्लायव्हीलला लांब दांडा लावून पुढे-मागे, पुढे-मागे. पहिल्यांदा केसभर हलला. मग नखाएवढा. मग असा कण्हत कण्हत पूर्ण फिरला की मी शेडमध्ये उडी मारली आणि डोकं छताच्या आडव्या वाशाला आपटलं. टेंगूळ आलंय. संग्राम म्हणाला, "हेल्मेट घालत जा." हा त्याचा विनोद. पण बर्फाची पिशवीही त्यानेच आणून दिली.

४ मे, रविवार

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून गुळाचा पाक झालेला. नॉर्बर्टने सांगितलं, लिंबाच्या रसात उकळ. मला वाटलं चेष्टा करतोय. नाही! शिकागोच्या देशी बाजारातून, डेव्हन ॲव्हेन्यूवरून, पिशवीभर लिंबं आणली. दुकानदाराने विचारलं, "लोणचं घालणार का?" हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर पुढच्या वेळी उभं केलं नसतं.

पातेल्यात उकळला. चकाचक निघाला. घरभर पेट्रोल आणि लिंबू असा वास. संग्राम घरात आला, वास घेतला आणि पिझ्झा मागवला.

१७ मे, शनिवार

चालू झाला! दोरी ओढली, एकदा, दोनदा, बऱ्याचदा — आणि मग फट्, फट्, फटफटफटफट! सायलेन्सरमधून निळा धूर आणि जळकं गवत. सदुसष्ट सालचं इंजिन. माझ्यापेक्षा वयाने मोठं. मी रडले वगैरे नाही.

थोडं रडले.

गिअर टाकला तर मात्र आतून असा आवाज आला की जणू कोणीतरी दगड चावतंय. पुढे इंचभरही सरकला नाही. गिअरबॉक्स! म्हणजे आता माझ्या खात्यातलं काम.

७ जून, शनिवार

सासूबाई आल्या. कोल्हापूरहून, सहा महिन्यांसाठी. दोन बॅगा. एकीत कपडे, दुसरीत चटणी, मेतकूट, कांदा-लसूण मसाला, आणि पापड — एकही मोडला नाही. असं पॅकिंग आमच्या कंपनीत कोणाला जमलं नसतं.

संध्याकाळी चहा त्यांनीच केला. नेमकं तेच कार्ब्युरेटरवालं पातेलं घेतलं! तीनदा घासलंय, पण तरी माझा जीव वरखाली. त्यांनी एक घोट घेतला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "इकडचं पाणी जड आहे गं."

संग्रामने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

१२ जून

सासूबाईंनी शेड बघितलं. मला बघितलं. माझ्या नखांकडे बघितलं.

"हे तू करतेस?"

"हो, आई."

"आणि संग्राम?"

"त्याला पाना आणि पक्कड यातला फरक कळत नाही, आई."

हे त्यांना खोटं म्हणता येईना. त्याच्या बाबतीत त्यांचाही अनुभव तोच आहे. "मंडळात कोणाला सांगू नकोस हो," एवढंच म्हणाल्या. हिमानीने आधीच सगळ्यांना सांगितलंय हे मी सांगितलं नाही.

२१ जून, शनिवार

नॉर्बर्टने मला एका स्पर्धेबद्दल सांगितलं. सप्टेंबरमध्ये इथून तासाभरावरच्या एका खेड्यात जत्रा असते. तिथे असल्या छोट्या ट्रॅक्टरांची ओढाओढी होते. ट्रॅक्टरच्या मागे साखळीने एक लोखंडी घसरगाडी अडकवायची. ट्रॅक्टर पुढे जाईल तसतसं तिच्यावरचं वजन पुढे सरकत येतं, म्हणजे ओढायला जड, आणखी जड. शेवटी चाकं जागच्या जागी फिरतात नाहीतर इंजिन मरतं. जो सगळ्यांत लांब ओढेल तो जिंकला.

सासूबाई कोथिंबीर निवडत दारात बसल्या होत्या. मी मराठीत समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडं पाडव्याला म्हशी पळवतात तसंच की!"

नॉर्बर्टला भाषांतर करून सांगितलं. तो इतका खूश झाला की म्हशींबद्दल अर्धा तास विचारत बसला. म्हशीचं वजन किती, शिंगांना रंग कोणता. सासूबाईंनी सगळी उत्तरं मराठीत दिली, त्याने सगळी इंग्रजीत समजून घेतली. मी मध्ये नव्हतेच.

मग तो म्हणाला, बायकांसाठी वेगळा गट आहे. नाव काय, तर पावडर पफ!

"म्हणजे पावडर लावून ओढायचं?"

त्याने खांदे उडवले. नाव त्याने ठेवलेलं नाही म्हणाला. मी म्हटलं, मी सरळ मोठ्या गटात उतरणार. तो म्हणाला, "सनी, तुझ्या ट्रॅक्टरला अजून पुढे जाता येत नाही."

बारीकसारीक मुद्दे काढायची सवय आहे त्याला.

३० जून

गिअरबॉक्स उघडला. एका गिअरचे तीन दाते तुटलेले, बाकीचे झिजून म्हाताऱ्याच्या दाढांसारखे. हा गिअर आता कुठेच मिळत नाही. नॉर्बर्टने त्याच्या सगळ्या मित्रांना फोन केले. नाही.

मग डोक्यात आलं, मिळत नाही तर नवा करू. आणि नवाच करायचा तर आहे तसा कशाला? गटाचे नियम नॉर्बर्टने वाचून दाखवले: इंजिनाला हात लावायचा नाही, बाकी मोकळं रान. मग वेग कमी आणि ओढ जास्त मिळेल अशी गिअरची जोडीच नवी करायची! दात जाड करायचे, मुळाशी गोलाई वाढवायची.

दोन वर्षांनी ड्रॉइंग काढायला बसले. पेन्सिलला टोक केलं. दुपारी बसले ती संग्राम घरी आला तेव्हा उठले. स्वयंपाक सासूबाईंनी केला होता. संग्राम म्हणाला, "काय काढतेस?" म्हटलं, "गिअर." तो मागे उभा राहून बघत राहिला. "छान दिसतंय गं," म्हणाला. आणि मला उगीचच लाजल्यासारखं झालं.

११ जुलै, शुक्रवार

नॉर्बर्टच्या पिकअपमधून रॉकफर्डला. तिथे त्याचा ओळखीचा लायल, त्याचं गिअर कापायचं छोटं वर्कशॉप. दार उघडलं आणि कटिंग ऑइलचा वास आला. गरम लोखंड, तेल, कोपऱ्यात चकाकणारा किस. माझे डोळे भरून आले. नॉर्बर्टला म्हटलं, ॲलर्जी आहे.

लायल पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं कमी. ड्रॉइंग टेबलावर पसरलं. बराच वेळ नुसता बघत होता.

"हे कोणी काढलं?"

"मी."

"मुळाशी एवढी गोलाई कशाला?"

सांगितलं. झटका बसला की दात मुळाशीच तुटतो, जुना तिथेच तुटलाय, हा बघ. तुटका गिअर त्याच्या हातात दिला. त्याने अंगठा फिरवला. मग म्हणाला, तुझं हे एक माप मात्र माझ्या मशीनवर निघणार नाही. मी बघितलं. खरंच होतं. तिथेच बसून बदललं. आमचं दोघांचं त्या एका मापावरून इतकं छान भांडण झालं! पुण्यात असताना रोज व्हायचं तसं.

परत येताना नॉर्बर्ट म्हणाला, "लायल एवढं बोललेला मी कधी ऐकला नव्हता."

१ ऑगस्ट, शुक्रवार

गिअर आले. बसवले. बसले! ट्रॅक्टर गोगलगाईच्या वेगाने पुढे गेला. पण काय गेला! मागे आमची होंडा अकॉर्ड बांधून ओढून बघितली. अंगणातून सरळ निघाली. संग्राम ऑफिसात होता म्हणून बरं.

९ ऑगस्ट

पुढे वजनं लावायला ब्रॅकेट जोडलं, मागे कणखर हूक. ट्रॅक्टर पुढून उचलला गेला तर उलटू नये म्हणून मागे दोन आडव्या दांड्या आणि छोटी चाकं. सीट नवी. रंग नाही. सासूबाईंचं म्हणणं, जत्रेला जायचं तर रंग हवा, म्हशींनासुद्धा लावतात. मी म्हटलं, गंज राहू दे. शेवटी तडजोड: बॉनेटवर हळदीकुंकू.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज जे झालं ते लिहायला हात जड झालाय. तरी लिहिते.

दुपारी ग्रीस भरत होते. सासूबाई खुर्ची घेऊन शेडच्या दारात, घेवड्याच्या शिरा काढत. सहज म्हणाल्या, "तिकडं पार्सिपनीला जागा लहान असेल ना गं? हे लोखंड कुठं ठेवणार?"

"कुठे?"

"पार्सिपनी. न्यू जर्सी." मग माझं तोंड बघितलं. "संग्राम बोलला नाही तुला?"

नाही. बोलला नाही. शिकागोचा प्रोजेक्ट ऑक्टोबरमध्ये संपतोय. त्याने न्यू जर्सीला हो म्हणून सांगितलंय. जुलैमध्येच! आईला सांगितलं. मला नाही.

सासूबाई घाबरल्या. "अगं, तुझ्या स्पर्धेनंतर सांगणार असेल." घेवडा खाली सांडला तो आम्ही दोघींनी वेचला.

संग्राम आला. बूट काढायच्या आधी विचारलं.

"मी सांगणार होतो, सुनू."

"कधी? ट्रकवाले सोफा उचलायला आल्यावर?"

"चॉइस नव्हता गं. इकडे लोकांना घरी बसवतायत. तो एकच प्रोजेक्ट उघडा होता. नाही म्हटलं असतं तर व्हिसाच गेला असता. तुझाही!"

"मग चॉइस नव्हता एवढं तरी सांगायचंस."

त्याने बूट काढले. मग बोलला, आणि बोलायला नको ते बोलला. "असंही, इथे सोडून जायला तुझं आहे काय? ते भंगार?"

तो वाईट माणूस नाही. हे मी आज मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण आज मला तसं वाटत नाहीये.

१९ ऑगस्ट

काही नाही. ट्रॅक्टरला हात लावला नाही.

२३ ऑगस्ट

नॉर्बर्ट आला. स्पर्धेत उतरणारेस की नाही, नाव नोंदवायचंय. मी म्हटलं, आम्ही चाललोय. तो म्हणाला, "आज चाललायस?" नाही, ऑक्टोबरमध्ये. "स्पर्धा सप्टेंबरात आहे," म्हणाला आणि निघून गेला.

बारीकसारीक मुद्दे.

नाव नोंदवलं.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती बसले. आरतीला हिमानी आणि तिचा नवरा. हिमानी म्हणाली, "पार्सिपनी मस्त आहे यार, सगळे आपलेच लोक! इथल्यापेक्षा बरं." मी मोदक तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असलं की कोणी उत्तर मागत नाही.

संग्राम माझ्याशी बोलतोय, मी त्याच्याशी बोलतेय. मीठ दे, टॉवेल कुठेय, असं. सासूबाई दोघांच्या मध्ये निरोप्यासारख्या फिरतात.

१३ सप्टेंबर, शनिवार

सगळं लिहायचं! क्रमाने.

ट्रॅक्टर न्यायचा ट्रेलर मी भाड्याने आणला होता, पण मला तो मागे घेता येईना. डावीकडे वळवला की उजवीकडे जातो! तीनदा आयर्माच्या फुलझाडांवर गेला. ती दारातून ओरडतेय, नॉर्बर्ट दोन्ही हातांनी खुणा करतोय, त्याही उलट्या. इतक्यात संग्राम बाहेर आला. तो येणार नव्हता. ऑफिसची खाकी पॅन्ट घालून, कारण त्याच्याकडे दुसरी नाहीच. "सरक," म्हणाला. एका दमात मागे घेतला. याला हे येतं हे मला लग्नाच्या पाच वर्षांत कळलं नव्हतं!

मग तो उतरलाच नाही. सासूबाई मागे, डब्यात थालीपीठं.

जत्रा म्हणजे धूळ, तळलेली मक्याची कणसं, बक्षिसासाठी आणलेली डुकरं. मातीचा लांब पट्टा, दोन्ही बाजूंना फळ्यांच्या बाकांवर माणसं. माझ्या गटात सगळे पुरुष. एकाने नॉर्बर्टला विचारलं, "ओढणार कोण?" नॉर्बर्टने माझ्याकडे बोट केलं. विचारणारा म्हणाला, बायकांचं चारला आहे. मी म्हटलं, चारला आमची परत निघायची वेळ आहे.

वजनं चढवायला संग्राम वाकला. पॅन्टवर ग्रीसचा हात उमटला. मी तोंड उघडलं. "राहू दे," म्हणाला. "कुठे लावू?" मी जागा दाखवली. त्याने ओळीने लावली, प्रत्येक बोल्ट दोनदा तपासला. सॉफ्टवेअरवाला शेवटी.

माइकवरच्या माणसाने माझं नाव घेतलं — "सूनेट... गोरपेड... फ्रॉम नेपरव्हिल!" घोरपड्यांच्या सात पिढ्यांना उचकी लागली असणार.

साखळी अडकली. हिरवं निशाण पडलं. हळूच क्लच सोडला. सुरुवातीला काहीच वाटलं नाही, नुसती फटफट. मग मागून कोणीतरी शर्ट धरून ओढावं तसं. मग इंजिनाचा आवाज खाली खाली, खर्जात. आणि पुढची चाकं उचलली! जमीन दिसेना, फक्त हळदीकुंकवाचं बॉनेट आणि आभाळ. गर्दी ओरडतेय. त्यात सासूबाईंचा आवाज अगदी वेगळा — "सोड गं, सोड!" मला वाटलं, आता गिअर तुटणार. आत्ता. आत्ता.

तुटला नाही. एकेक दात घासत पुढे नेत राहिला. अगदी शेवटी चाकं जागेवर फिरायला लागली, माती उडाली आणि इंजिन मेलं. शांत.

चौथी आले. बक्षीस तिघांना असतं. काही फरक पडला नाही! उतरले. संग्राम धावत आला, माझे खांदे धरले. मग म्हणाला, "सुनू, मी ते भंगार म्हणायला नको होतं." एवढंच.

सासूबाईंनी तिसऱ्या आलेल्या माणसालाही थालीपीठ दिलं. "घे बाबा, दमला असशील." त्याने खाल्लं आणि पाण्यासाठी पळाला.

लायलही आला होता म्हणे. मला भेटला नाही. नॉर्बर्टकडून गिअरबॉक्सचं झाकण उघडून घेतलं, टॉर्च मारून दाते बघितले आणि गेला. काय माणूस!

२२ सप्टेंबर, सोमवार

लायलचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "दातांवर एक चरासुद्धा नाही."

"माहीत आहे."

"माझ्याकडे डिझाइन करणारा माणूस डिसेंबरात निवृत्त होतोय. ये."

मी म्हटलं, मला काम करायची परवानगी नाही, एच-वन लागेल, कंपनीने अर्ज करावा लागतो. तो म्हणाला, "एच-वन कोणत्या कंपनीचा? चाळीस हॉर्सपॉवरचा तर नाही ना?" त्याला ट्रॅक्टरचं मॉडेल वाटलं!

हसू आवरल्यावर नीट सांगितलं. त्याने वकिलाचं नाव विचारलं. मग म्हणाला, "हो की नाही?"

मी हो म्हटलं.

संग्रामला न विचारता. फोन ठेवल्यावर हे लक्षात आलं. त्याने मला विचारलं नव्हतं, म्हणून मीही नाही — असा हिशेब मी केला नव्हता. खरंच नाही. तोंडातून निघून गेलं. पण निघून गेल्यावर परत घ्यावंसं वाटलं नाही.

२३ सप्टेंबर

सांगितलं. आजच, जेवायच्या आधी. आणखी एक दिवस गेला असता तर मीही त्याच्यासारखीच.

त्याने आधी विचारलं, "रॉकफर्ड किती लांब आहे?"

"इथून सव्वा तास."

"आणि पार्सिपनीहून?"

याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं.

"म्हणजे मी एकटा जायचं."

"मी तुला जाऊ नकोस म्हणत नाही. मी येत नाही म्हणतेय."

सासूबाईंनी ताट सरकवलं. "लग्न झाल्यावर असं वेगळं राहतात का कोणी? मी आयुष्यात ऐकलं नाही." मग जरा वेळाने, स्वतःशीच — "तिकडं हा जेवणार काय?"

२७ सप्टेंबर

सकाळपासून सासूबाईंनी संग्रामला स्वयंपाकघरात उभं केलंय. कुकर, डाळ, फोडणी. "मोहरी तडतडल्याशिवाय हिंग नाही! कितीदा सांगू?" शिट्ट्या मोजायला तो बोटं वापरतो.

त्यांना हे सगळं अजिबात पसंत नाही. रोज सांगतात. आणि रोज त्याला एक नवी भाजी शिकवतात.

५ ऑक्टोबर

आज वांग्याचं भरीत त्याने केलं. खाण्यासारखं होतं. जवळजवळ.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

वकिलाचा फोन. माझा एच-वन मंजूर झाला! जादा फी भरून लवकर करून घेतला लायलने. नोव्हेंबरपासून कामावर. संग्रामला ऑफिसात फोन केला. "काँग्रॅट्स," म्हणाला. मग, "खरंच, सुनू." दुसऱ्या वेळचं आवडलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी सासूबाईंना विमानात बसवलं. लवकर निघाल्या. म्हणाल्या, थंडी सोसत नाही. जाताना मला म्हणाल्या, "तुझं चुकतंय असं मला वाटतं हो." आणि कांदा-लसूण मसाल्याची बरणी, उरलेली सगळी, माझ्या हातात दिली. त्याच्या नाही.

१९ ऑक्टोबर

संग्राम गेला. गाडीत कुकर, लॅपटॉप, सूटकेस. गल्लीच्या टोकाला त्याने ब्रेक दाबला. मला वाटलं परत येतोय. सिग्नल होता.

३ नोव्हेंबर, सोमवार

पहिला दिवस. लायलने टेबल दाखवलं आणि म्हणाला, "सुरू कर." घरी आले तर फोन वाजत होता. संग्राम. डाळ करपली म्हणाला. दिवस कसा गेला ते आधी विचारलं, मग डाळ.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

संग्रामचा फोन. पार्सिपनीचा प्रोजेक्ट बंद. पूर्ण टीमला दुपारी एका खोलीत बोलावलं आणि सांगितलं. त्याने लगेच वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, तुमच्या बायकोकडे एच-वन आहे, तुम्ही तिच्यावर एच-फोर घ्या. दुसरा मार्ग नाही.

मला हसू आलं नाही. खरंच आलं नाही.

मग त्याने हळूच विचारलं, "सुनू, तू दोन वर्षं दिवसभर काय करायचीस गं?"

उद्या संध्याकाळपर्यंत पोचेल. म्हटलं, ये. जेवायला थांबते.